केमोच्या काळात घरी येणारी नर्सिंग सेवा: पाचपैकी चार तारे, आणि एक का कापला

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. केमो चालू असलेल्या माणसासाठी घरी नर्स हवी असेल, तर अशा प्रकारची सेवा जरूर घ्या. आमच्याकडे येणाऱ्यांच्या सकाळच्या भेटी उत्तम, रात्रीचा फोन त्याहून उत्तम, रविवारची बदली भिकार आणि छापील सूचनापत्रक जुनाट. चार तारे.

पेशंट म्हणजे माझी ताई. स्तनाचा कर्करोग. ऑपरेशनच्या आधी केमो ठरली: सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, ते संपलं की दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. केमो हॉस्पिटलच्या डे-केअरमध्येच व्हायची. नर्स हवी होती ती मधल्या दिवसांसाठी. हे मुद्दाम सांगते, कारण ‘केमो तर तिकडे देतात, मग घरी नर्स कशाला’ असं आम्हाला चार जणांनी विचारलं. केमोच्या दिवशी माणूस खुर्चीत बसलेला असतो, समोर सिस्टर असतात, शेजारी डॉक्टर असतात. भानगडी सुरू होतात त्या घरी आल्यावर. मळमळ पहिल्या दिवशी औषधांनी दबलेली असते आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसात डोकं वर काढते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळ गाठतात. तोवर घरातल्यांना वाटायला लागलेलं असतं की या वेळी बरं गेलं.

या सेवेआधी आम्ही एका ब्युरोकडून बाई घेतल्या होत्या. स्वभावाने गोड, ताईशी गप्पा मारायच्या, पाय चेपून द्यायच्या. पण उलटीचं भांडं उघड्या हातांनी रिकामं करायच्या. केमोनंतर साधारण ४८ तास लघवी, शी, उलटी यांतून औषध बाहेर पडत असतं. हाताळायचं तर हातमोजे घालूनच, कमोडचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, भरलेल्या चादरी वेगळ्या धुवायच्या. बाईंना हे कुणी शिकवलंच नव्हतं, त्यांचा काय दोष. ताप मोजला का विचारलं तर म्हणायच्या, ‘हात लावून बघितलं, अंग गार आहे.’ आणि आम्ही काहीही सांगितलं तरी उत्तर एकच: हो.

माझा धंदा हिशेबतपासणीचा. पटापट सह्या करणाऱ्या कारकुनापेक्षा ‘हे व्हाउचर असं पास होणार नाही’ म्हणणारा कारकून मला बरा वाटतो. नर्सच्या बाबतीतही मी तेच बघायला लागले, आणि या सेवेने मला पहिल्याच फोनवर नाही म्हटलं. मी विचारलं होतं की हॉस्पिटलच्या चकरा वाचवायला केमोच घरी लावता येईल का. समोरच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘काही औषधं आम्ही घरी देतो, पण ताईंचं लाल औषध देत नाही.’ लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते शिरेतून बाहेर, आजूबाजूच्या मांसात झिरपलं तर तिथली कातडी आणि खालचं मांस जळतं, जखम महिनोन् महिने भरत नाही. तसं झालंच तर तिथल्या तिथे औषध बंद करायचं, सुई लगेच न काढता आधी आत गेलेलं जितकं ओढून घेता येईल तितकं ओढायचं, बाहेरून गार शेक द्यायचा आणि उतारा हाताशी हवा. शेकसुद्धा औषधाप्रमाणे बदलतो. व्हिंक्रिस्टिनसारखं औषध झिरपलं तर गरम शेक द्यायचा असतो. ‘हे सगळं घरात नसतं,’ एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवला. धंदा हातचा घालवणारी माणसं दिसली की माझा विश्वास बसतो.

पुढचा नकार पहिल्या सायकलनंतरच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीनंतरच्या दिवशी. पांढऱ्या पेशी वाढवायचं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन घरी द्यायचं होतं. सिस्टर सकाळी अकराला आल्या, फाइल उघडली आणि विचारलं, ‘काल शेवटची बाटली किती वाजता संपली?’ मी म्हटलं, साडेचारच्या सुमारास. त्यांनी डबा परत फ्रीजमध्ये ठेवला. केमो संपून २४ तास व्हायच्या आत हे इंजेक्शन द्यायचं नसतं. ते हाडांच्या आतल्या मज्जेतल्या पेशींना वेगाने वाढायला लावतं, आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींनाच केमो टिपते. औषध अंगात असताना त्यांना जागं करणं म्हणजे त्यांचा बळी देणं. संध्याकाळी पाचनंतर त्या पुन्हा आल्या. दुसऱ्या भेटीचे पैसे लावले नाहीत, कारण वेळ ठरवताना विचारायला हवं होतं ते त्यांच्या ऑफिसने विचारलं नव्हतं. हे त्या स्वतःहून म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या. एक, या इंजेक्शनने दोन-तीन दिवसांत कंबर, मांड्या, छातीचं हाड आतून ठणकेल. तसंच झालं. पण ठणका आधी माहीत असला की माणूस ‘कॅन्सर हाडात गेला का’ या विचारात रात्र काढत नाही. दुसरी गोष्ट लघवीची. लाल औषधानंतर दिवस-दोन दिवस लघवी लालसर किंवा नारिंगी होते, तो औषधाचाच रंग. ‘पण दोन दिवसांनंतरही लाल राहिली, किंवा जळजळ झाली, गुठळी दिसली, तर तो रंग औषधाचा समजायचा नाही, लगेच फोन करायचा.’ जोडीचं सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाच्या अस्तराला त्रास देतं, म्हणून भरपूर पाणी आणि रात्री झोपण्याआधी लघवीला जाऊन येणं. एकच लक्षण, एका दिवशी निरुपद्रवी आणि दुसऱ्या दिवशी धोक्याचं. डिस्चार्जच्या कागदावर ‘लघवी लाल होऊ शकते’ एवढंच होतं.

एनिमाचं प्रकरण तर घरात गाजलं. मळमळीच्या ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठता होते. ताईला चार दिवस साफ झालं नव्हतं, पोट टम्म. आमची मावशी जुन्या वळणाची, तिने एनिमाचं सामान मागवूनच ठेवलं. सिस्टर आल्या तेव्हा आठवा दिवस होता. मावशी म्हणाली, ‘अगं, तू नर्स आहेस ना, मग दे की.’ सिस्टर हसल्या, पण दिला नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना गुदद्वारातून काहीही घालायचं नाही: एनिमा नाही, सपोझिटरी नाही, तिथून ताप मोजणंही नाही. आत केसाएवढा ओरखडा पडला तरी आतड्यातले जंतू रक्तात शिरायला तेवढी वाट पुरते. त्यांनी पोटावर हात ठेवून पाहिलं, वारा सरतो का, उलटी होते का ते विचारलं, तिथूनच डॉक्टरांना फोन लावून तोंडाने घ्यायचं औषध लिहून घेतलं, आणि पुढच्या सायकलला ऑन्डान्सेट्रॉनबरोबर पहिल्या दिवसापासूनच ते सुरू करायचं असं वहीत लिहिलं. मावशीचा राग दोन दिवस टिकला.

वहीबद्दल थोडं जास्तच सांगणार आहे, माझी ती सवय आहे. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक भेटीला तारखेच्या आधी केमोचा कितवा दिवस ते लिहायचं. मग ताप, नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब, वजन, पाणी किती गेलं, शौच, उलटी. तोंडात टॉर्च मारून पाहिलेलं वेगळं: जीभ, गालांच्या आतली बाजू, ओठांच्या कडा. तोंड आलं असेल तर किती, आणि त्याने खाणं थांबलंय का. दुसऱ्या सायकलला जिभेवर पांढरे डाग दिसले, तेव्हा सिस्टरांनी ओल्या कापसाने हलकेच पुसून पाहिलं, पुसल्यावर खाली लाल दिसलं, फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. बुरशी निघाली. तिचं औषध वेगळं असतं, नुसत्या गुळण्यांनी ती जात नाही. एरवीच्या गुळण्या मात्र साध्याच: ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दिवसातून पाच-सहा वेळा. बाजारातला झोंबणारा माउथवॉश त्यांनी पहिल्याच दिवशी कपाटात टाकायला लावला, त्यात अल्कोहोल असतं.

आता रात्रीचा फोन. सेवा घ्यावी की नाही या प्रश्नाचं माझं उत्तर याच फोनवर ठरलं. दहावा दिवस, रात्रीचे पावणेदोन. ताई म्हणाली थंडी वाजतेय. थर्मामीटर लावला, १००.६. हॉस्पिटलच्या कार्डावर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसची रेघ होती. ताईचं म्हणणं, एवढासा ताप, एक गोळी दे, सकाळी बघू. मी फोन लावला. पलीकडे ड्युटीवरच्या सिस्टर. एकही ‘काळजी करू नका’ नाही, थेट प्रश्न. केमोचा कितवा दिवस? ताप तोंडात मोजला की काखेत? मोजायच्या आधी गरम काही प्यायल्या का? हुडहुडी आहे का? तापाची गोळी दिली का? मी म्हटलं, नाही. ‘देऊ नका. निघा. वही आणि शेवटचा रिपोर्ट बरोबर घ्या.’

मग त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं. कॅज्युअल्टीच्या दारात ‘ताप आलाय’ असं म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप १००.६, छातीत पोर्ट आहे.’ (पोर्ट म्हणजे कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत गेलेली असते; औषध तिच्यातून देतात.) नुसता ताप म्हटलं की तुम्ही रांगेत बसता. केमोवरच्या माणसाचा ताप म्हटलं की रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू करायला हवं, रिपोर्टची वाट न बघता. आम्ही पोचायच्या आत त्यांनी तिकडे फोनही करून ठेवला होता. ताईचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला मुख्य प्रकार, ५०० च्या खाली निघाले. अशा वेळी पू होत नाही, सूज येत नाही, खोकल्यात बेडका दिसत नाही, कारण ते सगळं करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. जंतुसंसर्ग सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे ताप, आणि गोळी देऊन आपण तीच पुसणार होतो. वॉर्डातल्या डॉक्टरांनी वही उलटून पाहिली आणि आदल्या दिवसांतले आकडे तिथूनच उतरवून घेतले.

गोळीचा एक गुंता राहतोच. हाडं ठणकतात तेव्हा पॅरासिटामॉल लागतं, आणि ते ताप झाकतं. सिस्टरांनी सोपी पद्धत घालून दिली: आधी ताप मोजायचा, वहीत लिहायचा, मगच गोळी. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, कारण प्लेटलेट कमी असताना त्याने रक्तस्राव वाढतो.

पोर्टचा प्रसंग छोटा आहे, पण कुणाकडे पोर्ट असेल तर नीट वाचा. रक्त काढायला सिस्टर आल्या. हातमोजे, मास्क, कातडी पुसून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबणं, मग पोर्टची खास ह्युबर सुई. सलाईन आत जात होतं, रक्त मात्र परत येईना. ताईला हात वर करायला सांगितलं, मान वळवायला, खोकायला, दीर्घ श्वास घ्यायला. काही नाही. मी सुचवलं, जरा जोरात ढकलून बघा. ‘जोर लावायचा नसतो, ताई,’ त्या मला म्हणाल्या आणि हातातली १० मिलीची सिरिंज दाखवली. याहून बारीक सिरिंजने आतला दाब वाढतो आणि नळी फाटू शकते. रक्त परत येत नसेल तर नळीचं टोक नेमकं कुठे आहे याची खात्री नाही, आणि अशा पोर्टमधून लाल औषध सोडलं तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. रक्त त्यांनी हातातून काढलं, हॉस्पिटलला कळवलं. तिथे पोर्टमध्ये गुठळी विरघळवणारं औषध काही वेळ भरून ठेवलं, मग रक्त यायला लागलं, आणि त्यानंतरच पुढची केमो झाली.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर भेटींचा सूर बदलला. आता ताप कमी, मुंग्या जास्त. ताईला कुणी विचारलं, ‘कसं वाटतंय?’ की ती म्हणायची, ‘ठीक.’ सिस्टर विचारत नसत. ब्लाउजचं बटण लावून दाखवा. टेबलावरचं नाणं उचला. डोळे मिटून सांगा, मी कोणत्या बोटाला हात लावला. एका आठवड्यात नाणं तीन वेळा निसटलं. ते वहीत गेलं, तिथून डॉक्टरांपर्यंत गेलं आणि पुढचा डोस कमी झाला. ताई चिडली, तिला वाटलं कमी डोस म्हणजे कमी इलाज. डॉक्टरांनी समजावलं की नसांचं हे नुकसान साठत जातं आणि वेळेत थांबवलं नाही तर केमो संपल्यावरही राहू शकतं. सिस्टरांनी मग घरात अनवाणी फिरणं बंद करायला लावलं आणि आंघोळीचं पाणी ताईने नाही, दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहायचं असं ठरवून दिलं.

आता कापलेला तारा.

रविवारी नेहमीच्या सिस्टर येत नाहीत, बदली येते. बदली कोण येईल ते शनिवारी रात्रीपर्यंत कळत नाही. एकदा आलेल्या सिस्टर उत्तम होत्या, पण पोर्ट त्यांनी कधी हाताळलेला नव्हता. त्यांनी ते लगेच सांगितलं, हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूचं. पण मग त्यांना पाठवलं कशाला? दुसऱ्या एका बदलीने वही वाचलीच नाही आणि सगळे प्रश्न ताईला पहिल्यापासून विचारले. उलटी करून दमलेल्या माणसाला आपली कथा नव्याने सांगायला लावणं बरं नाही.

दुसरं, त्यांचं सूचनापत्रक. त्यात लिहिलंय की कच्चं फळ, कच्ची भाजी पूर्ण बंद. ताईच्या डॉक्टरांनी ते पाहून बाजूला ठेवलं. म्हणाले, स्वच्छ धुवून, सोलून खाऊ द्या. सगळंच बंद केल्याने संसर्ग कमी होतो असं दिसलेलं नाही, उलट खाणं कमी होतं आणि वजन घटतं. सेवेच्या जुन्या सिस्टरांनाही हे माहीत आहे, त्या तोंडी तसंच सांगतात. मग कागद का बदलत नाही? नवीन कुटुंब कागदच वाचतं.

तिसरी तक्रार झोपेची. केमोबरोबरच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ताई दोन-दोन रात्री टक्क जागी असायची. वहीत झोपेचा रकानाच नव्हता, त्यामुळे कुणी विचारलं नाही. शेवटी मीच बोलले, तेव्हा सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून दुपारची गोळी सकाळी घ्यायला लावली आणि फरक पडला. ताप, नाडी, शौच सगळं मोजणाऱ्यांच्या नजरेतून झोप आणि मन दोन्ही सुटतात असं माझं निरीक्षण आहे. ताई केस गेल्यावर आठवडाभर आरशाकडे पाठ करून बसायची, तेव्हा सिस्टर रक्तदाब घेऊन निघून जायच्या. वाईट नव्हत्या, त्यांना पुढचं घर गाठायचं असायचं.

बिल भेटीप्रमाणे येतं, हातमोजे, सुया, ड्रेसिंग वेगळं लावतात, पण प्रत्येक वस्तू ओळीने लिहिलेली असते. मी तपासली. बरोबर निघाली.

कुणी ही किंवा अशी दुसरी सेवा घेणार असेल तर ठरवण्याआधी ऑफिसला फोन करून विचारा: केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री १००.५ ताप आला तर आम्ही काय करायचं? ‘गोळी द्या आणि सकाळी कळवा’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. मग विचारा, पोर्ट हाताळायला कोण शिकलेलं आहे आणि रविवारी ते माणूस असतं का. तुमच्या हॉस्पिटलचीच चोवीस तासांची केमो हेल्पलाइन असेल, पेशंट हिंडता-फिरता असेल आणि पोर्ट नसेल, तर रोजच्या भेटींची गरज नाही. पहिली सायकल आणि सातव्या दिवसानंतरचा आठवडा एवढ्यापुरती घ्या.

आमच्याकडे आता सिस्टर फक्त पोर्ट फ्लश करायला, म्हणजे त्याची नळी धुवायला येतात. गेल्या वेळी वहीत नवीन रकाना दिसला, झोपेचा. रविवारच्या बदलीचं नाव शुक्रवारी कळवायला लागले आणि ते सूचनापत्रक रद्दीत घातलं, की पाचवा तारा मी इथेच येऊन देईन.